थंडरबर्ड कोरं उघडतंय, २०१३ पासूनची मेल दिसत नाही. कृपया मदत करा

पूर्वभाग | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागातून लिहितेय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. अप्पा माग आणि डाईंग बघतात, ऑफिस माझ्याकडे. २०१३ पासूनची सगळी मेल थंडरबर्डमध्ये आहे.

शनिवारी दुपारी फोल्डर कॉम्पॅक्ट करायला (पुसलेल्या मेलींची जागा मोकळी करायला) लावले होते आणि मध्येच लाइट गेली. यूपीएसची बॅटरी उतरलेली, मशीन जागच्या जागी बंद. परत चालू केलं तर थंडरबर्ड उघडलं ते कोरं करकरीत. 'नवीन अकाउंट जोडा' म्हणतंय. इनबॉक्स नाही, पत्ते नाहीत, काही नाही. शेजारच्या युनिटमधला मुलगा मदतीला आला. त्याने जुनं काढून पेनड्राइव्हवरच्या सेटअपने परत टाकलं. तरी कोरंच.

आमची मेल पॉपने येते, म्हणजे सर्व्हरवरून थेट या मशीनवर उतरते. डोमेनला जागा १ जीबीच, त्यामुळे सर्व्हरवर काही ठेवत नाही. एका खरेदीदाराने माल पोचल्यावर कळवलंय की निळ्याची शेड मंजूर लॅब डिपशी (आधी रंगवून पाठवलेल्या नमुन्याशी) जुळत नाही. त्यांनीच दिलेल्या मंजुरीची मेल त्या इनबॉक्समध्ये आहे. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. अप्पांना अजून सांगितलेलं नाही.

हातमाग | सोमवार, रात्री ९.५८

ताई, आधी एवढंच करा: थंडरबर्ड बंद करा आणि त्या मशीनवर नवीन अकाउंट जोडू नका, काही डाउनलोड करू नका, क्लीनर वगैरे तर अजिबात चालवू नका.

आता धीराची गोष्ट. थंडरबर्ड काढून टाकलं तरी मेल जात नाही. सॉफ्टवेअर प्रोग्राम फाइल्समध्ये बसतं, मेल आणि सेटिंग वेगळ्याच फोल्डरात असतात. त्यालाच प्रोफाइल म्हणतात. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, चौकटीत टक्क्याचं चिन्ह, ॲपडेटा, परत टक्क्याचं चिन्ह असं लिहून एंटर करा. ॲपडेटा इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता. रोमिंग फोल्डर उघडेल. त्यात थंडरबर्ड, त्यात प्रोफाइल्स. आत किती फोल्डर आहेत आणि प्रत्येकाचा आकार किती, तेवढं बघून सांगा. कशालाही हात लावू नका.

(या धाग्यात फाइलींची नावं मी देवनागरीत लिहितोय, मशीनवर ती इंग्रजीतच दिसतील.)

मुनीम | सोमवार, रात्री १०.०५

त्याआधी एक साधी खात्री करा. डेस्कटॉपवरच्या तुमच्या नेहमीच्या फाइली जागेवर आहेत ना? लाइट गेल्यावर कधी कधी खुद्द विंडोजचंच यूजर प्रोफाइल वाचता येत नाही, मग विंडोज तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये आत घेतं. तेव्हा डेस्कटॉप नव्यासारखा दिसतो आणि यूजर्समध्ये टेम्प नावाचं फोल्डर तयार होतं. तसं असेल तर थंडरबर्डचा काही संबंध नाही, आजार वेगळा आणि औषधही वेगळं. आमच्या ऑफिसात एकाने अख्खा दिवस मेल सॉफ्टवेअरशी झुंजण्यात घालवला होता आणि घोळ होता विंडोजच्या लॉगिनचा.

पूर्वभाग | सोमवार, रात्री १०.३१

डेस्कटॉप जसाच्या तसा आहे. एक्सेलच्या फाइली, पॅकिंग लिस्ट सगळं आहे.

प्रोफाइल्समध्ये दोन फोल्डर दिसतात. दोन्हींच्या नावात आधी आठ अक्षरांची गिचमिड, मग डिफॉल्ट-रिलीज. एकाचा आकार १८ एमबी. दुसऱ्याचा १४.२ जीबी!!

हातमाग | सोमवार, रात्री १०.३६

मग झोपा निवांत. मेल आहे.

दोन फोल्डर का झाले ते सांगतो, म्हणजे शेजारच्या मुलावर राग राहणार नाही. २०१९ च्या ६८ आवृत्तीपासून थंडरबर्ड ज्या जागी टाकलंय त्या जागेप्रमाणे प्रोफाइल धरतं. तुमचं आधीचं ६४ बिटचं असणार, त्याच्याकडचं सेटअप ३२ बिटचं असेल. ते दुसऱ्या प्रोग्राम फाइल्समध्ये जाऊन बसलं. जागा बदलली म्हणून त्याने नवं प्रोफाइल काढलं. १८ एमबीवालं ते. जुन्याला त्याने हात लावलेला नाही.

पण शनिवारी पहिल्यांदा कोरं उघडलं तेव्हा सेटअप जुनंच होतं. म्हणजे मोठ्या फोल्डरातही काहीतरी बिघडलंय. ते उद्या बघू. आज रात्री फक्त १४.२ जीबीचं अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. कट नाही, कॉपी. टास्क मॅनेजरमध्ये थंडरबर्ड चालू नाही ना ते बघून मगच.

जुळेसोलापूर | सोमवार, रात्री ११.१०

या काळात पॉप आणि डेस्कटॉप सॉफ्टवेअर कशाला ठेवायचं? ब्राउझरमध्ये मेल बघा, हा ताप कायमचा संपेल.

हातमाग | सोमवार, रात्री ११.२२

मालक, ज्याच्याकडे जागा आहे त्याने जरूर आयमॅप वापरावं. तिथे मूळ मेल सर्व्हरवर राहते, प्रोफाइल मोडलं तर नवीन करून परत उतरवून घेता येते. पण इथल्या छोट्या युनिटांकडे डोमेनसोबत १ जीबी मिळते, आणि एकेका मेलला आर्टवर्कचे १० एमबी जोडलेले असतात. माणूस पॉप वापरतो तो गरजेपोटी. ताईंची मेल आज ज्या फोल्डरात आहे तिथून ती नीट काढणं एवढंच आधी करू. तुमचा सल्ला पुढच्या महिन्यासाठी चांगला आहे.

पूर्वभाग | मंगळवार, सकाळी ८.१५

कॉपी होत नाही. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह आहे, ५० जीबी मोकळा, तरी इनबॉक्सवर येऊन अडतं आणि 'फाइल फार मोठी आहे' म्हणतं. इनबॉक्स ५.३ जीबी आहे.

कडकभाकरी | मंगळवार, सकाळी ८.४०

पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असणार. त्यात ४ जीबीच्या वर एक फाइल बसतच नाही, मग मोकळी जागा कितीही असो. पेनड्राइव्हवरचं बाकीचं दुसरीकडे काढून घ्या आणि तो एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॉरमॅट करताना ड्राइव्हचं अक्षर दोनदा वाचा.

थंडरबर्ड एका फोल्डरातल्या सगळ्या मेली, सेटिंग बदललं नसेल तर, एकाच फाइलीत एकाखाली एक लिहीत जातं, म्हणून ती इतकी फुगते. इनबॉक्स नावाची फाइल, पुढे कसलंच एक्स्टेन्शन नाही, त्यात तुमच्या मेली. शेजारी त्याच नावाची एमएसएफ असेल, ती फक्त अनुक्रमणिका. रोजमेळ आणि खतावणी म्हणा. खतावणी फाटली तर रोजमेळावरून परत लिहिता येते. रोजमेळ फाटला तर नाही. म्हणून इनबॉक्स नावाच्या फाइलीला जपा.

पूर्वभाग | मंगळवार, सकाळी ११.५०

कॉपी झाली. दोन्हीकडे १४.२ जीबी आणि फाइलींची संख्याही तेवढीच. पुढे?

हातमाग | मंगळवार, दुपारी १२.०५

आता मोठ्या फोल्डरात प्रेफ्स नावाने सुरू होणाऱ्या फाइली शोधा, पुढे जेएस. तुमची अकाउंटं, सर्व्हरची नावं, कोणत्या खात्याची मेल कुठल्या फोल्डरात, हे सगळं त्या एका फाइलीत असतं. ती वाचता आली नाही की थंडरबर्डला वाटतं हा नवा माणूस. शनिवारची तुमची लक्षणं तीच आहेत. आकार आणि तारखा लिहा.

पूर्वभाग | मंगळवार, दुपारी १२.२०

प्रेफ्स.जेएस, ६ केबी, शनिवारची.
इनव्हॅलिडप्रेफ्स.जेएस, ४१ केबी, शनिवारची. नोटपॅडमध्ये उघडली तर पूर्ण रिकामी दिसते, नुसती जागा.
प्रेफ्स-१.जेएस, ३९ केबी, गेल्या महिन्याची. यात आमच्या सर्व्हरचं नाव, माझा मेल पत्ता सगळं दिसतंय.

हातमाग | मंगळवार, दुपारी १२.३४

ताई, ती तिसरी फाइल म्हणजे तुमचं नशीब.

लाइट गेली तेव्हा थंडरबर्ड ही फाइल लिहीत असणार. विंडोजने जागा राखली, पण मजकूर डिस्कपर्यंत पोचलाच नाही, म्हणून ४१ केबी शून्यांनी भरलेली फाइल राहिली. पुढच्या वेळी ती वाचता येईना, तेव्हा तिला इनव्हॅलिड असं नाव देऊन बाजूला केलं आणि नवी ६ केबीची काढली. ती अर्थातच कोरी. प्रेफ्स-१ ही लिहितानाची कच्ची प्रत असते. एरवी काम झालं की तिचंच नाव बदलून ती खऱ्या फाइलीची जागा घेते. गेल्या महिन्यात कधीतरी कशाने तरी, बहुधा अँटिव्हायरसने, नेमक्या त्या क्षणी फाइल धरून ठेवली असेल, म्हणून ती तशीच पडून राहिली.

थंडरबर्ड बंद ठेवून ६ केबीवालीला 'प्रेफ्स-कोरी' असं काही नाव द्या. प्रेफ्स-१ ची एक प्रत काढा आणि त्या प्रतीला प्रेफ्स.जेएस नाव द्या. मूळ प्रेफ्स-१ तशीच राहू दे. मग विंडोज आणि आर, आणि थंडरबर्ड, एक जागा, आडवी रेघ, कॅपिटल पी. प्रोफाइल निवडायची खिडकी येईल. नावांवर माउस ठेवला की कोणतं कुठल्या फोल्डराचं ते दिसतं. मोठं निवडा.

पूर्वभाग | मंगळवार, दुपारी १.१५

निवडलं. आता म्हणतंय की तुम्ही थंडरबर्डची जुनी आवृत्ती सुरू केली आहे, नवीन प्रोफाइल बनवा किंवा बाहेर पडा. मी बाहेर पडले. हात थरथरायला लागलेत माझे.

कडकभाकरी | मंगळवार, दुपारी १.२२

बाहेर पडलात हे उत्तम केलंत. हा बिघाड नाही, ही राखण आहे. नव्या आवृत्तीने वापरलेलं प्रोफाइल जुन्या आवृत्तीने उघडलं तर आतल्या डेटाबेसची मोडतोड होऊ शकते, म्हणून ते अडवतात. पेनड्राइव्हवरचं सेटअप कोणतं होतं?

पूर्वभाग | मंगळवार, दुपारी १.३०

९१ लिहिलंय. आणि आमचं आधीचं १२८ होतं, मला नक्की आठवतंय.

हातमाग | मंगळवार, दुपारी १.३८

९१ म्हणजे २०२१ चं. ते काढा, अधिकृत साइटवरून सध्याचं ६४ बिटचं टाका आणि परत कॅपिटल पी. जुन्या आवृत्तीने जबरदस्तीने उघडायचा एक स्विच आहे, कुणी सांगितला तरी वापरू नका. आपल्याला तशी गरजच नाही.

पूर्वभाग | मंगळवार, दुपारी २.५०

उघडलं. अकाउंट आले. डावीकडे सगळे फोल्डर आले, खरेदीदारांच्या नावाचे ३४ च्या ३४. पासवर्डही विचारला नाही. मी खुर्चीतच बसून राहिले दोन मिनिटं.

पण इनबॉक्समध्ये काहीतरी गडबड आहे. एका मेलवर क्लिक केलं की भलतीच मेल उघडते. विषय सुताच्या दराचा आणि आत कुरिअरची पावती.

हातमाग | मंगळवार, दुपारी ३.०४

पासवर्ड विचारला नाही, कारण की४.डीबी आणि लॉगिन्स.जेसन या दोन्ही फाइली शाबूत आहेत. कधी नवीन प्रोफाइलमध्ये सामान हलवावं लागलं तर या दोघींना जोडीनेच न्यावं लागतं. एक कुलूप, दुसरी किल्ली.

भलती मेल उघडते ते खतावणीचं दुखणं. कडकभाकरींनी सांगितलेली एमएसएफ प्रत्येक मेल फाइलीत कितव्या बाइटवर सुरू होते ते लिहून ठेवते. कॉम्पॅक्ट अर्धवट राहिल्याने पानांचे आकडे चुकले. इनबॉक्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, रिपेअर फोल्डर. किंवा थंडरबर्ड बंद करून इनबॉक्स.एमएसएफ बाजूला काढा, उघडताना ती नव्याने बनते. ५.३ जीबी वाचायला वेळ लागेल, खिडकी 'प्रतिसाद देत नाही' म्हणाली तरी मध्ये बंद करू नका. आणि त्याआधी यूपीएसची बॅटरी बदला. हे मी मनापासून सांगतोय. त्याशिवाय रिपेअर लावूच नका.

सातरस्ता | मंगळवार, दुपारी ३.४०

माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं, फक्त कारण वेगळं. अँटिव्हायरसला एका मेलमध्ये काहीतरी सापडलं आणि त्याने ती एक मेल न उचलता अख्खी इनबॉक्स फाइल कोंडून ठेवली. त्याला काय कळणार, त्याच्या लेखी ती एकच फाइल. क्वारंटाइनमधून परत काढली तेव्हा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून प्रोफाइलचं फोल्डर तपासणीतून वगळलंय. जोडलेली फाइल उघडताना किंवा बाहेर साठवताना ती तपासली जातेच.

आणखी एक. तेव्हा मी नवीन प्रोफाइल करून फक्त मेलच्या फाइली आणल्या आणि पॉपस्टेट.डॅट मागे राहिली. सर्व्हरवरून कोणत्या मेली आधीच उतरवल्या त्याची यादी त्या फाइलीत असते. मी सर्व्हरवर ३० दिवसांच्या मेली ठेवत होतो, त्या सगळ्या दुसऱ्यांदा उतरल्या. एकेक दुबार मेल पुसत बसलो.

मुनीम | मंगळवार, सायंकाळी ५.१५

इथले आउटलुकवालेही हा धागा वाचत असतील म्हणून लिहितो, कारण तिथे प्रोफाइल या शब्दाचा अर्थ वेगळा. आउटलुकचं प्रोफाइल म्हणजे रजिस्ट्रीतल्या नोंदी: कोणतं खातं, कोणती डेटा फाइल. मेल वेगळ्या पीएसटी किंवा ओएसटी फाइलीत. म्हणून 'प्रोफाइल लोड होत आहे' वर अडकलं तर कंट्रोल पॅनेलमध्ये मेल, तिथे शो प्रोफाइल्स, नवीन प्रोफाइल जोडून त्याला जुनी पीएसटी दाखवायची. मेलला धक्का लागत नाही. आधी सेफ मोडमध्ये उघडून बघावं, बरेचदा दोष एखाद्या ॲड-इनचा असतो.

पीएसटीच बिघडली असेल तर स्कॅनपीएसटी, म्हणजे आउटलुकचं दुरुस्तीचं साधन. चालवण्याआधी पीएसटीची कॉपी, कारण दुरुस्तीत ज्याचा अर्थ लागत नाही ते टाकून दिलं जातं. ओएसटीची मात्र दुरुस्ती करत बसू नये, तिचं नाव बदलावं, सर्व्हरवरून नवी बनते. आउटलुक २००२ पर्यंतची जुनी पीएसटी २ जीबीला पोचली की थांबते. २०१० पासूनच्यांना मर्यादा ५० जीबी आहे. पण म्हणून तिथपर्यंत जाऊ नये. माझ्या एका अशिलाची पीएसटी क्लाउडशी सिंक होणाऱ्या फोल्डरात होती. उघडी फाइल सतत वर चढवली जात होती आणि शेवटी ती वाचताच येईना. थंडरबर्डच्या प्रोफाइललाही हेच लागू. चालू प्रोफाइल सिंक फोल्डरात ठेवू नका.

जुळेसोलापूर | मंगळवार, रात्री ८.३०

काल मी घाईत लिहिलं. ताई, ती मेल सापडली का? त्याकडे लक्ष लागलंय.

पूर्वभाग | बुधवार, दुपारी १२.१०

काल संध्याकाळी नवी पेठेतून बॅटरी आणली, मशीन यूपीएसवर टिकतंय हे दोनदा प्लग काढून बघितलं आणि मग रिपेअर लावलं. ४० मिनिटं लागली. यादी भरत गेली तशी मी खाली खाली जात होते.

सापडली. लॅब डिप तीन पाठवले होते, त्यांनी दुसरा मंजूर केला, आणि आम्ही पाठवलेला माल त्याच दुसऱ्याचा आहे. त्यांच्या नवीन माणसाकडे तिसऱ्याचा नमुना गेलेला दिसतो. मूळ मेल जोडून उत्तर पाठवलं. अप्पांना आज सकाळी सगळं सांगितलं. ते म्हणाले, शनिवारीच का नाही सांगितलंस.

दोन शंका. पुसलेल्या बऱ्याच मेली परत दिसायला लागल्यात, हे बरोबर आहे का? आणि फोल्डरात एनएसटीएमपी नावाची २.१ जीबीची फाइल आहे, तिचं काय करू?

हातमाग | बुधवार, दुपारी १२.४५

लई बरं वाटलं ताई. खरंच.

मेल पुसली की ती फाइलीतून लगेच जात नाही, तिच्यावर पुसल्याची खूण होते. कॉम्पॅक्ट केलं की खऱ्या अर्थाने जाते. काही खुणा फाइलीत उतरायच्या आधीच मशीन बंद पडलं, म्हणून त्या मेली परत आल्या. हळूहळू पुसा.

एनएसटीएमपी ही अर्धवट कॉम्पॅक्टची कच्ची प्रत. तिच्यात आहे ते मूळ इनबॉक्समध्ये आहेच, कारण मूळ फाइल शेवटी बदलली जाते आणि तिथवर काम पोचलंच नव्हतं. तरी लगेच काढू नका. पंधरा दिवस सगळं नीट चाललं की थंडरबर्ड बंद करून काढा. पेनड्राइव्हवरची कॉपी तर ठेवाच.

मग इनबॉक्स हलका करा. लोकल फोल्डर्समध्ये वर्षाचं एकेक फोल्डर, २०१३, २०१४ असं, आणि एका वेळी पाच-सहाशेच मेली हलवा. एकदम सगळ्या निवडू नका. ५ जीबीच्या एका फाइलीपेक्षा अर्ध्या जीबीच्या दहा फाइली बऱ्या, एक बिघडली तरी नऊ राहतात. सगळं हलवून झाल्यावरच कॉम्पॅक्ट.

शोध नीट लागत नसेल तर ग्लोबल-मेसेजेस-डीबी नावाची मोठी फाइल प्रोफाइलमध्ये दिसेल, ती थंडरबर्ड बंद असताना काढली तर चालते. ती फक्त शोधासाठी असते, नव्याने बनते.

सातरस्ता | बुधवार, दुपारी १.२०

आणि खात्याच्या सेटिंगमध्ये 'सर्व्हरवर प्रत ठेवा, १४ दिवस' एवढं तरी लावून ठेवा. १ जीबीत दोन आठवडे बसतात का ते बघा. पुढे काही झालं तर निदान ताजी मेल हाती राहील.

पूर्वभाग | बुधवार, सायंकाळी ६.०५

लावलं, पण ७ दिवस. आमच्या आर्टवर्कच्या मेलींमुळे १४ बसत नाहीत. दर शनिवारी माग बंद झाल्यावर थंडरबर्ड बंद करून अख्खं प्रोफाइल बाहेरच्या डिस्कवर, तारखेच्या फोल्डरात. जुन्या दोन प्रती ठेवायच्या, तिसरी पुसायची, असं ठरवलंय.

गोदामातल्या मशीनवरही हेच प्रोफाइल कॉपी करून ठेवलं तर चालेल का? इथलं मशीन बसलं तर तिथून जुनी मेल बघता येईल. तिथे विंडोज ७ आहे.

कडकभाकरी | बुधवार, सायंकाळी ६.३२

विंडोज ७ वर ११५ च्या पुढची थंडरबर्ड चालत नाही. तुमचं प्रोफाइल त्यापुढच्या आवृत्तीने वापरलेलं आहे, तिथे परत तीच 'जुनी आवृत्ती' खिडकी येईल. त्यापेक्षा तिथे ११५ टाकून कोरं प्रोफाइल करा, थंडरबर्ड बंद करा आणि त्याच्या लोकल फोल्डर्समध्ये फक्त २०१३, २०१४ अशा वर्षांच्या फाइलींच्या प्रती ठेवा, एमएसएफ न घेता. उघडलं की फोल्डर दिसतील. मात्र तिथे मेलचं खातं जोडू नका, नाहीतर नवी मेल दोन मशीनमध्ये वाटली जाईल.

पूर्वभाग | गुरुवार, सकाळी १०.२०

केलं. २०१३ ते २०१९ गोदामात उघडतंय. खरेदीदाराचंही उत्तर आलं, त्यांनी दुसऱ्या लॅब डिपचा नमुना परत मागवलाय. अप्पा आज तो कापून पाठवतायत.

हातमाग | गुरुवार, सकाळी १०.४५

नमुन्यासोबत त्या मंजुरीच्या मेलची छापील प्रतही घाला.